रंगूनकरांचा पाट

मिरजेहून रत्नागिरीला जायचं म्हणजे सकाळचा चहा थंडीत घ्यायचा आणि दुपारचं जेवण घामात करायचं. मध्ये आंबा घाट आहे आणि एस.टी.ची गाडी आहे, त्यामुळे जेवण नक्की किती वाजता, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सत्त्याऐंशी सालच्या श्रावणात मी निघालो तेव्हा खांद्याच्या पिशवीत दोन कपडे, पेन्सिली, कोरा कागद आणि एक चिकटवलेलं पाकीट होतं. पाकीट माझं नव्हतं.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. मुलांना शाडूचं काम शिकवायचं, पण त्याआधी मास्तरांना ते यायला हवं, म्हणून रत्नागिरीतली एक गणपतीची शाळा (मूर्ती घडवण्याच्या जागेला कोकणात शाळाच म्हणतात) पत्राने कळवून पाहायला मी जाणार होतो. ही बातमी आमच्याकडच्या एका सागवानाच्या व्यापाऱ्यांच्या कानावर गेली. त्यांना आपण शेठजी म्हणू. शेठजी लाकडासाठी वर्षातून एकदा रंगूनला जातात. त्यांनी मला बोलावून घेतलं, बासुंदी खायला घातली आणि पाकीट पुढे केलं. "त्याच शाळेत ब्रह्मदेशातून पळून आलेला एक कारागीर आहे," ते म्हणाले. "तिकडचे अधिकारी त्याला परत घ्यायला तयार आहेत. आत एक कागद आहे, त्यावर फक्त सही हवी. बिचारा घरी जाईल. तुम्हालाही पुण्य लागेल, मास्तर."

पुण्याबरोबर आणखीही काही लागणार होतं, ते सांगून टाकतो. माझ्या वर्गातली मुलं पाटीवर कागद ठेवून चित्रं काढतात. सगळ्यांना पुरतील एवढे ड्रॉइंग बोर्ड करून देण्याचं शेठजींनी त्याच बैठकीत कबूल केलं. पाकिटात काय आहे ते मी पाहिलं नाही. दुसऱ्याचं पत्र फोडायची मला सवय नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला जाणून घ्यायचं नव्हतं.

घाटात ढग गाडीच्या आत आले. शेजारी पालीला उतरणारे एक गृहस्थ होते. कोकणातला माणूस बोलत नाही असं जे म्हणतात, त्यांनी त्याच्या शेजारी एकदा तरी बसून पाहावं. कुठले, कोणाकडे, काय काम, मुलं किती, एवढं त्यांनी साखरप्याच्या आधीच काढून घेतलं.

"भाट्याच्या पुलाकडची शाळा म्हंजे तात्यांची," ते म्हणाले. "आमचा गनपती तितलाच. मंग तुमाला रंगूनकर भेटतील."

"कोण रंगूनकर?"

"परदेशी मानूस हाय. पन हात बगा त्याचे."

"त्यांच्या हातांना काय झालंय?"

"त्याचे नाय वो. गनपतीचे हात बगा. तो करतो ते." आणि मग खिडकीबाहेर बघत, जणू सहज, "आमच्या घरातली मानसं दोन वर्सं झाली, आरती सोडून हाताकडंच बगतात."

रत्नागिरीला पोचायला अडीच वाजले. स्टँडजवळच्या खाणावळीत तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि कुळथाचं पिठलं मिळालं. मासळीची वाट पाहत असाल तर श्रावणात या गावी येऊ नका. मालकाने "पाहुणे, महिनाभर थांबा" असं मलाच समजावलं. पाऊस एका रस्त्यावर पडत होता आणि शेजारच्या रस्त्यावर ऊन होतं. छत्री उघडत-मिटत मी भाट्याच्या रस्त्याला लागलो.

गावात ब्रह्मदेशच्या राजाचा राजवाडा आहे. इंग्रजांनी त्याला इथे आणून ठेवलं होतं आणि आपल्याकडच्या माणसांना तिकडे मंडालेच्या तुरुंगात. त्या राजवाड्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे, त्यामुळे मी लिहिणार नाही. खरं म्हणजे मी तो पाहिलाच नाही, आणि त्याचं कारण पुढे येईल.

तात्यांची शाळा म्हणजे माडांच्या वाडीतली एक लांबट पडवी, चिऱ्याच्या भिंती आणि वर कौलं. आत शिरताच मी दारात थांबलो. फळ्यांच्या मांडण्यांवर गणपतीच गणपती, कोणी अजून ओला, कोणाला सोंड नाही, कोणी पांढराशुभ्र वाळलेला, आणि प्रत्येकाच्या खाली लाकडी पाट. कोणाचा पाट फणसाचा, कोणाचा सागाचा, एखादा इतका जुना की कडा झिजून गोल झालेल्या. आणि खाली जमीन अशी की पाय ठेवू नये. वाळलेल्या शाडूचे पोपडे, काथ्याचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या, रंगाचे डाग, एकावर एक थर. मी तेवीस वर्षं मुलांना वर्ग झाडायला लावणारा माणूस. देवाच्या जागी हा गलथानपणा मला अजिबात आवडला नाही.

सत्तरीचे तात्या एका मूर्तीसमोर बसून डोळ्यांची आखणी करत होते. आखणी चालू असताना ते बोलत नाहीत, हे त्यांच्या सुनेने खुणेने सांगितलं आणि ती चहा आणायला गेली. तिचं नाव सुलभा. नवरा मालवाहू बोटीवर, घर आणि शाळेचा व्यवहार हिच्याकडे. मी बसायला जागा शोधू लागलो. देवांच्या पाटावर बसायचं नाही एवढी अक्कल मला होती, हे कृपा करून लक्षात घ्या. पण सगळे पाट मांडणीवर मूर्तींखाली होते आणि कोपऱ्यात एकच पाट रिकामा होता, भिंतीशी, जमिनीवर. तो पाहुण्यांचाच असणार असं ठरवून मी त्यावर मांडी घातली.

सुलभावहिनी कपबशी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. तात्यांचा कुंचला थांबला. पडवीच्या टोकाला एक ठेंगणा, रुंद चेहऱ्याचा माणूस मूर्तीच्या हाताची बोटं करत होता, त्याने मान वर केली. आपल्या हातून काही तरी भयंकर घडलंय, पण काय ते कळत नाही, अशी ती वेळ होती.

"मास्तर," तात्या शेवटी म्हणाले, "उटा जरा. तो पाट कोनाचा तरी हाय."

मी धडपडत उठलो. पाट उचलून बघितला तर पाठीमागे गोल गोल अक्षरं कोरलेली होती, एकात एक अडकवलेल्या कड्यांसारखी. ती मला वाचता येईनात.

सगळ्यांत आधी हसला तो बोटं करणारा माणूस. "बसूंदे तात्या," तो चक्क रत्नागिरीच्या हेलात म्हणाला. "दोन वर्सं कोन बसला नाय त्याच्यावर. तेवढाच गरम झाला."

हे रंगूनकर. खरं नाव ल्विन. तिकडे नावाआधी 'को' लावतात, म्हणजे आपलं दादा. ते रंगूनचे नाहीत, मंडालेचे आहेत, हे त्यांनी पहिल्या वर्षी सगळ्यांना सांगून पाहिलं. पण पोस्टमनने एकदा रंगूनकर ठरवल्यावर पुढे इलाज नव्हता.

मग तात्यांनी मला पाटाची रीत सांगितली. आमच्याकडे चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारात जाऊन गणपती पसंत करतात. इथे ज्या घरात गणपती बसायचा, त्या घरचा पाट आषाढातच शाळेत येतो. पाठीमागे घराचं नाव असतं. कागद नाही, पावती नाही. पाट आला म्हणजे त्या घराने शब्द दिला, आणि पाट ठेवून घेतला म्हणजे तात्यांनी दिला. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि घरचा माणूस स्वतः येऊन ती घेऊन जातो.

"आनि शेवटचा पाट गेल्याबिगर शाळा झाडायची नाय," तात्या म्हणाले. "माज्या बापाचा नेम. एक मुंबईवाला होता. गाडी बंद पडली, चतुर्थीला भर दुपारी चालत आला. शाळा झाडलेली असती तर त्याला काय वाटलं असतं? आपली वाट बगायचं सोडलं, असंच ना?"

मी कोपऱ्यातल्या पाटाकडे पाहिलं आणि मग पायाखालच्या थरांकडे.

"दोन चतुर्थ्या झाल्या," वहिनी कप उचलत म्हणाल्या. "मामंजींचा नेम आनि रंगूनकर भावजींचा पाट. मधी मी. पोपडे घरात येतात, पोरं तेच पायाला लावून अंथरुनात जातात. आमच्या माहेरी मंडनगडाकडं आसला नेम नाय. पन सांगनार कोनाला?" मला वाटलं होतं तसा राग मात्र त्यांच्या आवाजात नव्हता.

पाट रंगूनकरांनी आल्याच्या पहिल्या आषाढात वाडीत पडलेल्या फणसाचा केला होता. पाठीवर मंडालेच्या त्यांच्या घराचं नाव कोरलं आणि काही न बोलता तो इतरांच्या ओळीत आणून ठेवला. तात्यांनीही काही न विचारता ठेवून घेतला.

आता माझी पाळी होती. मी मोठ्या थाटात पाकीट काढलं आणि तुमच्यासाठी घरून चांगली बातमी आणली आहे, असं म्हणालो. रंगूनकरांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. आत इंग्रजी आणि ब्रह्मी मजकुराचा एक छापील कागद होता आणि दोन पानांचं हाताने लिहिलेलं पत्र, त्यांच्या आईचं. त्यांनी आधी कागद वाचला, मग पत्र. मग पत्र पुन्हा. मी आनंदाची वाट पाहत उभा. त्यांनी दोन्हीच्या घड्या घातल्या, खिशात ठेवल्या आणि परत मूर्तीपाशी जाऊन बसले.

"शाडू वाळतो," एवढंच ते म्हणाले आणि अर्धवट राहिलेली तर्जनी पुरी करू लागले. त्या बोटाकडे मी तेव्हा नीट पाहिलं. नुसतं सरळ बोट नव्हतं ते. समोरच्याला काही सांगता सांगता थांबलेल्या माणसाचं बोट होतं. पालीच्या गृहस्थांचं खरं होतं.

राहायला त्यांनी मला लॉजवर जाऊ दिलं नाही. जेवताना माडाच्या बाजूने एक वास आला, त्याला काय म्हणावं कळेना. रंगूनकर जवळा मुरवून ङापी (त्यांच्याकडची कुजवलेल्या मासळीची चटणी) करतात. वहिनींनी ते मडकं माडाखाली हद्दपार केलं होतं. "सुकटीचा वास आमाला अत्तर," त्या म्हणाल्या, "पन ह्याच्याफुडं आमी हात जोडले." रंगूनकर उठून माडाखाली गेले, तिथेच उभ्याने भाताला ती चटणी लावून जेवले आणि हात धुऊन परत पंगतीत येऊन बसले. श्रावण संपेपर्यंत हाच तह होता म्हणे.

सकाळी मी त्यांना म्हटलं, चला, तुमच्या राजाचा राजवाडा बघू. ते म्हणाले, "तुमी जावा. मी नाय जात."

"का?"

"तो तीस वर्सं वाट बगत बसला हितं, आनि हितंच गेला. मला बसायचं नाय. मला काम हाय." मग माझा चेहरा पाहून जरा नरमले. "भाट्याला येता?"

तर असा माझा राजवाडा राहिला. पूल ओलांडून आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर उतरलो. पाऊस थांबला होता, सुरूची झाडं ठिबकत होती आणि ओल्या वाळूवर चालणं सोपं होतं. तिथे त्यांनी मला सगळं सांगितलं, अर्धं तात्यांच्या मराठीत, अर्धं मोडक्या इंग्रजीत.

ते कळसूत्री बाहुल्या घडवत. त्यांच्याकडे खेळाची सुरुवात ठरलेली असते, प्रत्येक बाहुली पुढे येते आणि प्रेक्षकांना वाकून नमस्कार करते. देव वाकतो, राजा वाकतो, राक्षससुद्धा वाकतो. देशावर पंचवीस वर्षं लष्कराचं राज्य. एका वर्षी रंगूनकरांनी काळा चष्मा घातलेला एक सेनापती घडवला आणि त्याची मान मुद्दाम अख्ख्या लाकडातून काढली, सांध्याशिवाय. खेळ चालवणाऱ्याने सेनापतीला पुढे आणलं, दोरी ओढली. बाहुली वाकेना. पुन्हा ओढली. वाकेना. तोंडाने एक शब्द नाही, पण लोक हसायला लागले आणि थांबेनात. तिसऱ्या दिवशी खेळ चालवणारा आणि गाणी म्हणणारी बाई तुरुंगात गेली. रंगूनकर त्या वेळी लाकूड आणायला रंगूनच्या बंदरात होते म्हणून वाचले. तिथे तात्यांच्या मुलाची बोट लागलेली होती. पुढे कलकत्ता, तिथून रत्नागिरी, आणि दर महिन्याला पोलिसांत हजेरी.

"दोघं अजून आतच हायत," ते म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिला. "वाचा. इंग्रजी येतं तुमाला."

मी वाचलं. बाहुली अजाणतेपणे झाली. ती करायला मला अमुक आणि तमुक यांनी भाग पाडलं. मी क्षमा मागतो आणि अशी वस्तू पुन्हा घडवणार नाही. खाली सहीसाठी रेघ. अमुक आणि तमुक म्हणजे तेच दोघं.

शहाण्या माणसाने इथे गप्प बसायचं. मी बोललो. "तुमची अडचण मला कळते, पण व्यवहार बघा," मी म्हणालो. "ती दोघं आत आहेतच. तुम्ही सही केली नाही म्हणून सुटणार आहेत थोडीच? एकदा घरी पोचा. आई म्हातारी आहे. सही करायला काय जातं? मनात काय आहे ते कोणाला दिसतं?"

"तुमी केली हाय काय कवा अशी सही?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरोखरच विचारत होते.

बारा वर्षं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आणीबाणीत शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी एक पडदा रंगवला होता. पिंजरा, त्याचं दार उघडं आणि आत पोपट नाही. कोणी तरी वर कळवलं. मला बोलावून एक कागद पुढे ठेवला, 'चित्र अनवधानाने झाले' असं लिहा म्हणाले. मी लिहिलं. मग म्हणाले, कल्पना कोणाची ते लिहा. कल्पना माझीच होती. मी मराठी शिकवणाऱ्या माझ्या मित्राचं नाव लिहिलं, कारण त्याने ते चित्र पाहून टाळी वाजवली होती. माझी नोकरी राहिली.

"आनि तो?"

"त्याची बदली झाली. लांब."

"मंग?"

"मला माहीत नाही. मी विचारलं नाही."

मला शरम वाटत होती आणि तिच्याबरोबर चीडही येत होती, कारण हा माणूस मला दोषही देत नव्हता.

"विचारा," ते म्हणाले. एवढंच. मग खिशातून आईचं पत्र काढलं. "हे बगा. माजी आई बोटीवाल्यांच्या हातानं पत्र पाटवायची. सा पत्रं आली. सगळ्यांत शेवटी एकच लिवते. ये. पावसाच्या आदी ये. सनाला ये. दर वेळी." त्यांनी दोन्ही पानं वाऱ्यात घट्ट धरली. "हे पत्र त्या कागदासंगं आलंय, म्हंजे लष्करवाल्यानं शेजारी बसून लिवून घेतलंय. त्याला हवं व्हतं तिनं बोलवावं. तिनं काय लिवलंय? कौलं बदलली. चिंचेला चिंचा जास्त. शेजारनीच्या मांजराला पिल्लं झाली. दोन पानं मास्तर, आनि 'ये' नाय. कुटंच नाय."

मला ती अक्षरं वाचता येत नव्हती, तरी मी पानं हातात घेऊन वरपासून खालपर्यंत पाहिली. शेजारी बंदूकवाला बसला असताना मांजराच्या पिल्लांबद्दल लिहीत राहिलेली ती म्हातारी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि माझा व्यवहार मला फार हलका वाटायला लागला.

"तिला तुम्ही यायला नको आहात?" मी तरीही विचारलं.

"हवाय. सगळ्यांत जास्त हवाय. पन असा नको." त्यांनी डोळे पुसले, लपवून वगैरे नाही, सरळ बाहीने पुसले. "तिनं ठरवलंय. आता मला तेवडंच करायचंय."

शाळेत परतल्यावर त्यांनी एक पेटी उघडली. आत फडक्यात गुंडाळलेला सेनापती होता, पांगाऱ्याच्या लाकडाचा, हातभर उंच. पहिला तिकडे जाळून टाकला होता, हा इथे नव्याने घडवलेला. जमिनीवरच्या ढलप्या कसल्या ते मला आता समजलं. त्यांनी वाशाला दोऱ्या बांधल्या आणि आधी सेनापतीबरोबरच्या एका छोट्या राजकन्येला पुढे आणलं. तिने इतका सुंदर नमस्कार केला की वहिनी नकळत हात जोडून बसल्या. मग सेनापती आला. पावलं तालात, छाती पुढे. दोरी ओढली. खांदे हलले, हात थरथरले, कंबर कलली, मान ताठच. पुन्हा ओढली. तात्यांच्या तोंडातून आधी नुसता श्वास आला, मग ते हसायला लागले आणि खोकला येईपर्यंत हसले. मीही हसलो, पण हसता हसता मला पिंजऱ्याचं उघडं दार आठवलं.

"ह्याचं काय करणार?" मी विचारलं.

"ह्यो त्या पाटावर बसनार. ह्यालाच घिऊन जानार मी घरी. मान अशीच." त्यांनी दोऱ्या गुंडाळल्या. "केवा, ते म्हाईत नाय. पन पाट ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी त्यांनी छापील कागद जसा आला तसा घडी करून पाकिटात घातला आणि माझ्याकडे दिला. आईचं पत्र ठेवून घेतलं.

"फाडून टाका ना," मी म्हणालो. आदल्या दिवशी सही करा म्हणणारा मीच.

"फाडला तर म्हनतील रागानं फाडला. न्या परत. वाचला, समजला, आनि सही केली नाय. येवडंच कळूंदे त्यांना."

तात्यांनी निरोप देताना उठून उभं राहायचे कष्ट घेतले. मी वाकून नमस्कार केला. "पुन्यांदा याल तवा पाटावर बसू नका," ते म्हणाले. "घिऊन या." वहिनींनी पिशवीत आमसुलं आणि फणसाच्या आठळ्या घातल्या. बाहेर पडताना माझ्या चपलेला शाडूचा एक पोपडा चिकटला होता. तो मी झटकला नाही.

परतीच्या गाडीत शेजारी कोणी नव्हतं. घाट चढताना मी शेठजींना काय सांगायचं याची तयारी करत होतो. त्यांची परिस्थिती अशी होती, प्रकृती बरी नव्हती, भेटच झाली नाही, अशी चार-पाच वाक्यं जुळवली. घाटमाथ्यावर चहा घेतला तेव्हा ती सगळी टाकून दिली.

शेठजी ओसरीवरच होते. मी पाकीट दिलं आणि सांगितलं, "भेटले. वाचला, समजला आणि सही केली नाही."

"तुम्ही समजावलं नाहीत?"

"समजावलं. माझंच चुकलं."

या वेळी बासुंदी नव्हती. ड्रॉइंग बोर्डांचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. मुलं अजून पाटीवर कागद ठेवूनच चित्रं काढतात आणि वाईट काढत नाहीत. मित्राचा पत्ता मिळवायला मला आठ दिवस लागले. तो जत तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. मी लांबलचक पत्र लिहिलं, फाडलं, आणि शेवटी नाव मी दिलं होतं, कल्पना माझी होती, तू कसा आहेस, एवढंच लिहून टाकलं. उत्तर आलेलं नाही. त्याची मर्जी.

ते पत्र पेटीत टाकलं त्याच संध्याकाळी मी माझा जेवायचा पाट काढला. सागाचा आहे, लग्नातला. घासला, उन्हात वाळवला आणि उलटा करून पाठीवर छिन्नीने नाव, गाव कोरलं. बायकोने विचारलं, आता जेवायला कशावर बसणार? मी म्हटलं, जमिनीवर. पाट फडक्यात बांधून रत्नागिरीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हवाली केला. चतुर्थीला तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते, त्यामुळे तात्या यंदा ठेवून घेतील की नाही, याची मला धाकधूक होती.

पाचव्या दिवशी कार्ड आलं. वहिनींचं अक्षर, मजकूर तात्यांचा.

'पाट पोचला. उशिरा आला, पण आला म्हणजे आला. हात रंगूनकर करत आहेत. न्यायला स्वतः यावे. शाळा अजून झाडलेली नाही.'